गळ आणि जाळे

पणजीला मांडवीच्या काठाने संध्याकाळी फेरफटका मारताना एक दृश्य हटकून नजरेस पडते. कठड्याशी थोड्या थोड्या अंतरावर माणसे उभी असतात. कोणी कचेरीतून परस्पर आलेला कारकून, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शाळकरी पोर. प्रत्येकाच्या हाती काठी किंवा नुसताच दोर, आणि नजर पाण्यावर खिळलेली. तास-दोन तास जातात. पिशवीत एखादा शेवटा किंवा काळुंदर पडतो, कधी तेवढेही नाही. तरी दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा हजर. बाजारात मासळी मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याला याचे उत्तर मिळणे कठीण. आणि ज्याने दोराच्या टोकाला बसलेला हिसका एकदा बोटांवर अनुभवला आहे, त्याला हा प्रश्नच पडत नाही.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. गरवणे हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा विरंगुळा आहे. परंतु जगातील पुष्कळ किनाऱ्यांवर हा विरंगुळा आता गावाच्या उत्पन्नाची एक बाब होऊन बसला आहे. आपल्याकडेही गोव्यापासून अंदमानापर्यंत पाहुण्यांना होडीतून गळ टाकायला नेण्याचा व्यवसाय उभा राहिला आहे. त्यास उत्तेजन द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. ते कोणत्या रीतीने द्यावे, हा प्रश्न मात्र अवघड आहे. कारण त्याच पाण्यावर ज्याची चूल पेटते तो मच्छीमार तेथे आधीपासून उभा आहे. एकाची हौस आणि दुसऱ्याचे पोट ही दोन्ही एकाच खाडीवर कशी नांदतील, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. करमणुकीसाठी मासे धरणे ही साहेबाने आणलेली चाल आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हैदराबाद आणि सीमाभागातील श्रोत्यांना ती काही दूरची नव्हे. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून पाकक्रियेपर्यंत नाना विषय आले आहेत, आणि राजाच्या विनोदांमध्ये म्हणजे करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मासे कोणत्या जातींचे, ते कोठे राहतात, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, दोर कशाचा करावा, काठी व गळ कसा असावा, याचे त्यात विवेचन आहे. हा ग्रंथ १९२५ सालापासून वडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत खंडशः प्रसिद्ध झाला आणि त्याचे संपादन केले ते श्रीगोंदेकर या महाराष्ट्रीय पंडितांनी. सारांश, गळाचा छंद आपल्या भूमीत निदान नऊशे वर्षांचा आहे. फरक इतकाच, की तेव्हा तो राजाचा विनोद होता आणि आज तो कोणाही सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे.

सोमेश्वराच्या काळी दोर वनस्पतींच्या तंतूंचा असे. १९३८ साली नायलॉनचा शोध जाहीर झाला आणि पुढे त्या धाग्याने सर्व जगातील गळाचे रूप पालटले. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो पारदर्शक दोर हाच. तो पाण्यात दिसत नाही, कुजत नाही आणि ओढ सहन करतो. हे तीनही गुण खरेच. परंतु त्यातला ‘कुजत नाही’ हा गुण पुढे अवगुण कसा ठरतो, तेही आपण पाहणार आहोत.

या छंदाचे पहिले शास्त्र म्हणजे भरती-ओहोटीचे. मासा पाण्याबरोबर येतो आणि पाण्याबरोबर जातो. भरती चढू लागली की कोळंबी आणि बारीक मासळी खारफुटीच्या मुळांशी, बांधांच्या मानशींशी अन्न शोधीत येते. तिच्या मागावर मोठा मासा येतो. ओहोटी लागली की ही सर्व मंडळी अरुंद ओहोळांतून परत फिरतात, आणि त्यांच्या तोंडाशी शिकारी मासा दबा धरून राहतो. म्हणून जाणता माणूस घड्याळापेक्षा पंचांग अधिक पाहतो. कोकणातील जुनी मंडळी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. यामागील कारण असे, की चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पंधरा तिथींत तिचा बारा तासांचा फेरा पुरा होतो. अर्थात हा ठोकताळा आहे. किनाऱ्याने दक्षिणेकडे यावे तशी वेळ काहीशी अलीकडे येते आणि प्रत्येक खाडीच्या तोंडाशी थोडा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जोराने चढते व जोराने उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी मंद असते. कोणत्या पाण्याला कोणता मासा आमिषाला तोंड लावतो, हे ज्याच्या त्याच्या अनुभवाचे ज्ञान. आणि हे ज्ञान पुस्तकांपेक्षा खारवी, गाबीत, कोळी यांच्या घरांत अधिक आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता या छंदाला आधुनिक खेळाचे रूप कसे आले, ते पाहू. त्यासाठी क्षणभर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे लागेल. कॅलिफोर्नियाजवळ सांता कॅटलिना नावाचे बेट आहे. १८९८ सालच्या जून महिन्यात चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गप्रेमी लेखकाने तेथे काठी व रीळ वापरून १८३ पौंड वजनाचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा, टूना मासा धरला. त्याच वर्षी त्याने ॲव्हलॉन गावी टूना क्लबाची स्थापना केली. तोवर तेथे येणारे प्रवासी जाड दोरांनी वाटेल तितके मासे ओढीत आणि पुष्कळसे टाकून देत. होल्डरला हा अन्याय वाटला. दोर बारीक असावा, काठी ठराविक मापाची असावी, मासा ज्याच्या गळाला लागला त्यानेच तो एकट्याने आणावा, असे नियम क्लबाने केले. माशाला सुटून जाण्याची संधी मिळाली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. पुढे १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली; तिचे नियम आणि विक्रमांची नोंद आज जगभर मानली जाते. खेळ झाला म्हणजे नियम आले, आणि नियम आले म्हणजे स्वतःच्या हाताला आवर आला. हौशी आणि हावरा यांच्यातला भेद येथे आहे.

खेळ रुजला तसा गावांनाही त्याचा लाभ दिसू लागला. जाळ्यातला मासा किनाऱ्यावर येतो तेव्हा त्याची किंमत त्याच्या वजनावर ठरते. पाहुण्याच्या गळाला लागलेल्या माशाची गोष्ट निराळी. त्या एका माशासाठी पाहुणा गावात मुक्काम करतो, होडी भाड्याने घेतो, तांडेलाला दिवसाची मजुरी देतो, आमिष विकत घेतो, कोणाच्या तरी घरी माशाचे जेवण जेवतो. मासा हाती लागो वा न लागो, हे पैसे गावातच राहतात. आणि तो मासा पुन्हा पाण्यात सोडला, तर तोच मासा दुसऱ्या पाहुण्यालाही कामी येतो.

अमेरिकेत या खर्चातून मासळीचे रक्षण करण्याची एक व्यवस्था आहे. १९५० साली तेथे असा कायदा झाला, की काठ्या, रीळ, गळ या सामानावर उत्पादकाकडून घेतलेला कर सरकारी तिजोरीत मिसळून न टाकता राज्यांना मासळीच्या संवर्धनासाठी वाटून द्यावा. वाटणी करताना राज्याचा विस्तार आणि तेथील गळाच्या परवान्यांची संख्या विचारात घेतात. आणि परवान्याचे शुल्क दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला हा वाटा मिळत नाही. १९८४ साली या व्यवस्थेचा विस्तार झाला आणि मोटारनौकांच्या इंधनावरील कराचा अंशही तिला जोडला गेला. म्हणजे जो माशाच्या मागे लागतो, तोच माशाच्या निगराणीचा खर्च उचलतो. या व्यवस्थेतले शहाणपण आपणही घेण्यासारखे आहे.

परंतु श्रोतेहो, नाण्याची दुसरी बाजू पाहिल्याखेरीज निर्णय करू नये. ती बाजूही अमेरिकेनेच दाखवली आहे. फ्लॉरिडा हे राज्य हौशी मासेमारांचे माहेरघर. किनाऱ्यालगतच्या पाण्यात धंदेवाईकांच्या गुंतवणाऱ्या जाळ्यांनी मासळी कमी होते, अशी हौशी मंडळींची तक्रार होती. १९९४ सालच्या नोव्हेंबरात हा प्रश्न मतदानाला टाकला गेला. मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला आणि राज्याच्या घटनेतच दुरुस्ती होऊन १ जुलै १९९५ पासून राज्याच्या पाण्यात अशा जाळ्यांना बंदी झाली. माशांच्या दृष्टीने पाहता बंदीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण पिढ्यान्‌पिढ्या शेवट्यांवर पोट भरणाऱ्या लहान गावांना एका मतदानाने जाळी गुंडाळावी लागली. गळवाल्यांची संख्या मोठी आणि जाळेवाले मूठभर. मतपेटीपुढे मूठभरांचे काय चालणार?

त्यांतल्या सीडर की नावाच्या एका गावाची कहाणी सांगण्यासारखी आहे. जाळी बंद झाल्यावर तेथील मच्छीमारांना सरकारी साहाय्याने शिंपल्यांची लागवड करण्याचे शिक्षण देण्यात आले. उथळ समुद्रातील जागा भाडेपट्ट्याने मिळाल्या. आज ते गाव लागवडीच्या शिंपल्यांसाठी त्या देशात नावाजलेले आहे. गाव तगले, पण ते आपोआप तगले नाही. कोणीतरी शिकवले, कोणीतरी जागा दिली, कोणीतरी पैसा घातला, म्हणून तगले. जेथे ही सोय झाली नाही, तेथे घरातील मुलाने बापाचा धंदा सोडून शहराची वाट धरावी, हे ओघानेच आले.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने थोडा निराळा मार्ग धरला. तेथे २००१ साली समुद्रातील हौशी मासेमारीवर परवानाशुल्क बसवण्यात आले. त्या पैशातून धंदेवाईक मच्छीमारांचे हक्क भरपाई देऊन विकत घेण्यात आले आणि खाड्या व सरोवरे मिळून तीस ठिकाणे हौशी मंडळींसाठी राखण्यात आली. येथे हक्काची किंमत मोजली गेली, ही गोष्ट स्तुत्य आहे. तरीही मला नम्रपणे असे वाटते, की आपल्या किनाऱ्यावर हा मार्गही चालायचा नाही. आपल्याकडे मच्छीमार हा केवळ परवान्याचा धनी नसतो. मासळी वाहणाऱ्या, विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांसह त्याचे सारे घर त्या पाण्यावर उभे असते. परवान्याची भरपाई एकाला मिळेल. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार जाणाऱ्या बाईची भरपाई कोणत्या दप्तरात लिहिणार?

गोव्याला तर हा धडा परक्याकडून शिकण्याची गरज नाही. साठीच्या दशकात येथे यांत्रिक ट्रॉलर आले. किनाऱ्यालगत रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याची मासळी हे ट्रॉलर उपसू लागले. सत्तरीच्या दशकात रापणकार संघटित झाले, रस्त्यावर आले, मोठा लढा झाला. आणि १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. किनाऱ्यालगतची पाच किलोमीटरची पट्टी यांत्रिक मासेमारीपासून मुक्त ठेवण्याचे तत्त्व त्यातून आले. पुढे प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून उपसण्याची पद्धत निघाली. तिच्यावर केंद्र सरकारला २०१७ साली बंदी घालावी लागली. अशा अनुभवातून गेलेल्या गावात उद्या कोणी म्हणाला, की पाहुण्यांच्या गळासाठी अमुक खाडी मोकळी ठेवा, तर त्या गावाने संशयाने का पाहू नये? समुद्रातील मासळी कमी होण्यास गळ हा मुख्य अपराधी नाही, हे खरे. पण रापणकाराच्या किनाऱ्यावर आजवर येणारा प्रत्येक नवा पाहुणा काही देण्याऐवजी काही घेऊनच गेला, हेही तितकेच खरे.

म्हणून गळाला उत्तेजन द्यावयाचे तर पहिली अट ही, की गळाने जाळ्याची जागा मागू नये. पाहुण्याला समुद्रावर नेणारी होडी गावातल्या मच्छीमाराची असावी, तांडेल गावचा असावा. मघाशी भरतीच्या ज्ञानाविषयी बोललो, ते येथे कामी येते. कोठे खडक आहे, कोणत्या पाण्याला तांबोशी लागते, आभाळ केव्हा फिरेल, हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याला केवळ होडी वल्हवणारा नोकर म्हणून न राबवता, त्या दिवसाचा गुरू म्हणून मोबदला मिळाला पाहिजे. मासळी कमी लागणाऱ्या दिवसांत हे उत्पन्न त्याच्या जाळ्याला पूरक ठरेल. जाळे सोडून त्याने गळवाल्यांचा चाकर व्हावे, असे मात्र कोणी सुचवू नये. आणि असा व्यवसाय करणाऱ्या होडीवर जीवरक्षक जाकिटे, नोंदणी आणि विमा ही किमान व्यवस्था सरकारी साहाय्याने झाली पाहिजे. ती ऐपत असलेल्या बड्या कंपनीलाच परवडेल अशी ठेवली, तर गावाच्या हाती काही उरणार नाही.

दुसरी अट माशांविषयीची. खाडीत गळ टाकणाऱ्या प्रत्येकाचे स्वप्न म्हणजे चणक. उत्तर कोकणात त्यालाच जिताडा म्हणतात. या माशाचे जीवन मोठे विलक्षण आहे. तो प्रथम नर असतो. काही वर्षे नर म्हणून प्रजोत्पादन केल्यावर, अंगाने चांगला वाढला की, तो मादी बनतो. म्हणजे खाडीतले मोठमोठे चणक बहुतेक माद्या असतात, आणि अशी एक मादी लाखो अंडी घालते. उलटपक्षी गोबऱ्याच्या अनेक जातींत मासा प्रथम मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. तेव्हा ‘लहान मासा सोडावा, मोठा घ्यावा’ हा आपला सरधोपट न्याय येथे अपुरा पडतो. लहान सोडून सर्व मोठे मारले, तर चणकाच्या आया नाहीशा होतात आणि गोबऱ्याचे बाप.

आपल्या चणकाचा भाईबंद ऑस्ट्रेलियात बारामंडी म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरहून लहान बारामंडी ठेवता येत नाही आणि १२० सेंटिमीटरहून मोठाही ठेवता येत नाही. लहानाला वाढू द्यावे, मोठ्या मादीला अंडी घालू द्यावी, मधला घरी न्यावा, असा हा नियम. शिवाय पूर्व किनाऱ्यावर प्रजननाच्या दिवसांत, १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत, त्याला धरण्यास बंदी असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी आहे. ही बंदी नौकांना आहे. काठावर उभ्या असलेल्या गळवाल्याला ती लागू होत नाही. आणि पावसाळ्याच्या सुमारासच चणक अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखांकडे येतो. तेव्हा गावचे मच्छीमार होड्या ओढून घरी बसले असताना हौशी माणसाने मुखाशी उभे राहून पोटात अंडी असलेली मादी धरावी आणि तिच्यासह छायाचित्र काढून मिरवावे, हे कायद्यात बसत असले तरी न्यायात बसत नाही. या दोन महिन्यांत मोठा चणक लागलाच तर तो सोडून द्यावा, एवढा नियम हौशी मंडळींनी आपणहून पाळला, तर मच्छीमारांचा विश्वास संपादन करण्यास त्याहून सोपा उपाय नाही.

मासा सोडणे हीही एक कला आहे. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग जडतो. म्हणून हात ओले करून घ्यावे. त्याला तापलेल्या खडकावर आपटू नये, जबड्याने उभा टांगू नये, पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला, तर गळ सहज निघतो. टोक आत वळवलेला गोल गळ वापरल्यास तो पोटात न जाता बहुधा ओठाच्या कडेला रुततो. गळ खोल गिळला गेला असेल, तर तो उपसून काढण्यापेक्षा दोर तोंडाजवळ कापणे बरे. फार खोल पाण्यातून वर आलेल्या माशाच्या पोटातील वायूची पिशवी फुगते आणि तो नुसता सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. म्हणून खोल खडकांवर केवळ गंमत म्हणून मासे काढीत राहू नये. घरी न्यावयाचा मासा मात्र तडफडत ठेवू नये. आणि देवमुशी किंवा करवत-मासा यांसारख्या, २००१ सालापासून कायद्याने संरक्षण मिळालेल्या माशांना तर हातही लावू नये.

तिसरी अट किनाऱ्याविषयीची. तंगूस कुजत नाही, हे मघाशी सांगितले. खडकात अडकून तुटलेला दोर वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यात पक्ष्याचा पाय गुंततो, खेकडा अडकतो, कासवाचे वल्हे कापले जाते. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालावयास येतात, आणि नेमके तेच दिवस पाहुण्यांच्या गर्दीचे असतात. तुटका दोर गुंडाळून घरी नेणे, शिशाचे वजन वाटेल तेथे न टाकणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती फक्त सवय.

त्याचबरोबर किनारा सर्वांना मोकळा राहिला पाहिजे. खडकांकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा बांधकामांच्या कुंपणांआड जाऊ लागल्या, की प्रथम गरवणारा मुलगा हटतो, मग कालवे काढणारी बाई, आणि शेवटी जाळे वाळवणारा मच्छीमार. तेव्हा या पायवाटांच्या बाबतीत गळ आणि जाळे यांचे हित एकच आहे, आणि दोघांनी मिळूनच त्यांचे रक्षण केले पाहिजे. ग्रामपंचायतींनी ठराविक धक्क्यांवर कठडे, दोर बांधलेली जीवरक्षक कडी आणि भरतीच्या वेळांचा फलक एवढी सोय केली, तरी मोठे काम होईल. पावसाळ्यात ओल्या खडकांवर उभे राहून गळ टाकणाऱ्यांना लाट ओढून नेते. लाटांच्या रांगेत एखादी लाट इतरांच्या कितीतरी वर चढते आणि ती कोणालाही पूर्वसूचना देत नाही. ज्या खडकाचा माथा ओला आहे, तो खडक आपला नव्हे, हे लक्षात ठेवावे.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, वडोदे येथून दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत पुष्कळ मराठी कुटुंबे गोव्यास आणि कोकणास येतात. समुद्रात पाय बुडवून, मासे खाऊन परत जातात. त्यांना माझी एक सूचना आहे. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन एक सकाळ गावच्या मच्छीमाराबरोबर काढा. तिथीवरून भरती काढण्याचा हिशेब त्याच्याकडून शिका. आमिष कसे लावावे, दोर बोटात कसा धरावा, हे मुलांना त्याच्याकडून समजून घेऊ द्या. त्याच्या श्रमाचा मोबदला घासाघीस न करता द्या. मासा लागला तर आनंद माना. लहान असेल किंवा फार मोठा असेल, तर मुलांच्या हातूनच तो पाण्यात सोडवा. ताटात पडणारा मासा कोठून येतो, आणि तो आणणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे असते, हे त्या एका सकाळीत मुलांना जितके कळेल तितके शाळेच्या पुस्तकातून कळणार नाही.

सोमेश्वर राजाने मत्स्यविनोद लिहिला तेव्हा त्याला जाळेवाल्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. पाणीही अमाप होते आणि मासेही. आज दोन्हींची सीमा दिसू लागली आहे. अशा वेळी हौशी माणसाने मच्छीमाराचा शेजारी होऊन राहावे, इतकेच मागणे आहे. शेजारी परसातले पाणी वापरतो, पण विहिरीवर हक्क सांगत नाही. आणि विहीर आटू लागली, तर गाळ उपसायला प्रथम तोच धावतो.